कडा न कापणारे बाइंडर काका

"ताई, कडा कापायच्या का?"

बाबांच्या कागदांचा गठ्ठा समोर ठेवल्यावर काकांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. किंमत, मुदत, कापडाचा रंग हे सगळं नंतर. मी बँकेत 31 वर्षं काढली आहेत. वर्षानुवर्षं लेजर बांधून यायचे ते पाहिलेत. शिवण झाली की पुस्तक मशीनखाली जातं, तिन्ही बाजू गुळगुळीत होतात आणि समासात कुणी काही लिहिलं असेल तर ते खाली पडलेल्या कातरणात जातं. कुणी विचारत नाही. आणि माझ्या बाबांनी तर आयुष्यभर समासातच लिहिलं. काकांचा प्रश्न ऐकला आणि मी समोरच्या स्टुलावर बसलेच.

दुकान शनिवार पेठेत आहे. अप्पा बळवंत चौकातून शनिवारवाड्याकडे तोंड करून निघालं की डाव्या हाताला ज्या गल्ल्या आत जातात, त्यांतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. पाटीवर फक्त 'येथे बाइंडिंग करून मिळेल' एवढंच. नाव आणि फोन नंबर लिहू का असं विचारलं तर काका नको म्हणाले, हातात चार महिन्यांचं काम पडून आहे, माणसं येऊन नाराज होऊन जातील. म्हणून लिहीत नाही. चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या कुठल्याही विक्रेत्याला "जुजबंदी करणारे काका" म्हणून विचारा, म्हणजे हातानं शिवून पुस्तक बांधणारे, हात करून दाखवतील.

आता कागद कुणाचे आणि कसले ते सांगायला हवं, नाहीतर या माणसानं काय केलं ते कळणार नाही.

बाबा 1963 साली बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले. वय 19. चीनच्या लढाईनंतर आमच्या सातारा जिल्ह्यात गावंच्या गावं भरतीला निघाली होती, त्यांतले ते एक. 15 वर्षं नोकरी करून 1978 ला हवालदार म्हणून पेन्शनवर बाहेर पडले आणि पुण्यात एका मराठी दैनिकात पार्सल खात्यात लागले. काम काय, तर रात्री छापून आलेले अंक मोजायचे, पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या लावायच्या, सुतळीनं गठ्ठे बांधायचे आणि एसटीच्या टपावर चढवायचे. तिथून पायरी पायरीनं ते 1991 ला वितरण व्यवस्थापक झाले. केबिन मिळाली, टेबलावर दोन फोन आले. 2004 ला निवृत्त झाले, 2023 च्या पावसाळ्यात गेले.

मागे राहिली एक लोखंडी ट्रंक. काळी, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, फौजेतलीच. तिच्यात आघाडीवरून आजीला लिहिलेली 40-45 पत्रं. 1978 ते 2004 च्या वितरणाच्या खाजगी वह्या. आणि कात्रणं, सुटी, टाचणी लावलेली, काही सेलोटेपनं चिकटवलेली. शिवाय 30-35 अख्खे अंक, घडी घालून ठेवलेले, घडीवर उकलत चाललेले.

काकांकडे जायच्या आधी मी एक चूक केली. घराजवळच्या एका दुकानात कात्रणं लॅमिनेट करायला दिली, नमुन्यादाखल दोन. त्यांतलं एक 17 डिसेंबर 1971 चं होतं, ढाक्याच्या शरणागतीच्या बातमीचं. प्लॅस्टिक आत फुगलं, शाई पसरली आणि कागद मधोमध तपकिरी झाला. काकांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं. म्हणाले, "हे आता उलटं करता येत नाही, ताई. प्लॅस्टिक काढायला गेलो तर अक्षरं त्याच्याबरोबर येतील." आवाजात दोष देणं नव्हतं. त्यांनी ते दोन तुकडे वेगळ्या लिफाफ्यात घातले, वर पेन्सिलीनं 'हात लावू नये' लिहिलं आणि बाकीच्या गठ्ठ्याकडे वळले.

पुढचा तासभर त्यांनी एकेक कागद चार बोटांवर घेऊन पाहिला. मला समजेल असं सांगत होते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाचा लगदा तसाच दळून करतात, लाकडातलं लिग्निन त्यातच राहतं. उजेड लागला, हवा लागली की ते पिवळं पडतं, आम्ल सुटतं आणि कागद आतून कुरकुरीत होतो. आजीला आलेली पत्रं बऱ्या कागदावर होती, म्हणून 50 वर्षांनीही मऊ. अंकांना मात्र घडीवर बोट लावायची भीती. सेलोटेप बघून ते खरोखर हळहळले. टेप सुकून गळून पडते, तिचा डिंक कागदात मुरून कायमचा डाग ठेवतो. टाचण्या त्यांनी तिथल्या तिथे काढल्या, चिमट्यानं, गंजाची पूड मऊ ब्रशनं झटकत. एक टाचणी हलेना. ती त्यांनी दोन्ही बाजूंनी कापून काढली, कागद ओढला नाही.

मग त्यांनी काय करणार ते सांगितलं, आणि निम्म्या गोष्टी मी मागितल्या त्याच्या उलट होत्या. मला सगळ्याचं एक जाडजूड पुस्तक हवं होतं. ते म्हणाले, नको. पत्रं शिवायची नाहीत, सुईनं भोकं पडतात. ती जाड कागदाच्या पट्टीवर एका कडेनं टेकवायची, म्हणजे दोन्ही बाजू वाचता येतात आणि उद्या कुणाला सुटी करायची झाली तर ओल्या फडक्यानं सुटतील. कात्रणं मोठ्या पानांवर, समास मोकळा सोडून. वह्यांची मूळ शिवण चांगली असेल तर ती उसवायची नाही, फक्त पाठ आणि पुठ्ठा नवा. आणि अख्खे अंक बांधायचेच नाहीत. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याची कापड लावलेली पेटी, आत अंक पूर्ण उघडून आडवे. घडी गेली की फाटणं थांबतं.

"एकच पुस्तक केलं असतं तर मला सोपं होतं," काका म्हणाले, "पण मग ते तुम्ही कधी उघडलं नसतं."

खळ ते घरीच शिजवतात. मैदा, पाणी, मंद आच, सारखं ढवळत. नवीन पुस्तकांच्या पुठ्ठ्याला लावायच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. पण बाबांच्या कागदांसाठी वेगळं पातेलं लावलं, मोरचूद न घालता. जुन्या कागदाला तांबं सोसत नाही म्हणाले. फाटलेल्या जागी फेव्हिकॉल नाही, जपानी टिश्यूची केसाएवढी पट्टी. हात लावून पाहिलं तरी कळत नाही कुठं जोडलंय. कात्रणांची पानं हातकागदाची, शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून त्यांनी फार पूर्वी आणून ठेवलेला साठा. फिकट दुधी, कडांना दोऱ्यासारखे तंतू. त्यावर वर्तमानपत्राचा तपकिरी कागद असा शोभतो की काय सांगू.

शिवणकाम मावशी करतात. काकांच्या भगिनी. खिडकीशी पाट मांडून बसतात, दोऱ्याला मेण ओढतात, आणि फर्म्यामागून फर्मा, म्हणजे पानांची एकेक घडी, शिवत जातात. जुजबंदी म्हणजे प्रत्येक जुज, प्रत्येक घडी आतून शिवून पुढच्या घडीला गुंफायची. पुस्तक टेबलावर ठेवलं की आपणहून सपाट उघडतं, हातानं दाबून धरावं लागत नाही. हल्ली बाजूनं भोकं पाडून तार मारतात ते मधे मिटत राहतं. बँकेतल्या जुन्या लेजरना हीच शिवण होती, म्हणून ती मला लांबून ओळखता येते.

मी आठवड्यातून एकदा जाऊन बसायची. खरं तर जायची गरज नव्हती. काकांनी आधीच सांगितलं होतं की ते कुणाची पत्रं वाचत नाहीत, फक्त पानांचा क्रम लावतात, आणि क्रम लागत नसेल तिथे चिठ्ठी लावून ठेवतात. त्या चिठ्ठ्या सोडवायला मी जायची. एकदा मावशींनी विचारलं, "हे जमालपूर कुठं आलं हो?"

पत्रावर गावाचं नाव नसतं. फौजेच्या पत्रावर फक्त 99 ए.पी.ओ. असा पत्ता, माणूस नक्की कुठं आहे ते घरच्यांना कळत नाही. पण 1972 च्या जानेवारीत, सगळं संपल्यावर, बाबांनी आजीला सविस्तर लिहिलं होतं, आणि ते मावशींच्या हातात होतं. मग मी त्यांना सांगितलं.

बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते, जंगी पलटण. नाईक होते तेव्हा. डिसेंबर 1971 मध्ये पलटण उत्तरेकडून पूर्व पाकिस्तानात शिरली आणि जमालपूर या गावाला मागून जाऊन बसली, ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून. आत पाकिस्तानची बलुच पलटण, पक्के बंकर घेऊन. 9 डिसेंबरला आपल्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर हरदित सिंग क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. मुक्तिवाहिनीतला एक माणूस पांढरं निशाण घेऊन ती आत घेऊन गेला. आतल्या कमांडरचं, लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांचं उत्तर आलं, त्यात गुंडाळलेली एक बंदुकीची गोळी. मजकूर असा की तुमच्या हातात लेखणी फार छान चालते, पुढच्या भेटीत स्टेनगन दिसावी. 10 च्या रात्री ते लोक गावातून बाहेर पडून रस्ता फोडायला आले, ते थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर. रात्रभर एकामागून एक हल्ले. 11 ला जमालपूर पडलं.

मावशींचा दोरा थांबला होता. "आणि हे पुलावर आपली माणसं भेटली म्हणून लिहिलंय ते?"

ते मला सगळ्यात आवडतं. 11 तारखेला टांगाईलजवळ आपली 2 पॅरा हवाई छत्र्यांनी उतरली आणि पुंगलीचा पूल धरून बसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जंगी पलटण तिथे जाऊन भिडली. ही 2 पॅरा म्हणजे मुळातली मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच तिसरी बटालियन. तेव्हा परक्या मुलखात, अंधार पडताना, समोरून मराठीत हाक आली. बाबांनी लिहिलंय, "आई, आवाज ऐकला तेव्हा वाटले आपल्याच शिवारात कोणी हाक मारतो आहे." मावशींनी ते वाक्य दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. मग म्हणाल्या, हे पान मी मधोमध येईल असं लावते, उघडलं की हेच समोर येईल. आणि तसंच लावलंय.

आता समासाबद्दल. गोळीच्या त्या उत्तराची हकिगत पुढे कधीतरी बाबांच्याच दैनिकात पुरवणीत छापून आली होती. त्या कात्रणाच्या उजव्या कडेला, अगदी टोकाशी, बाबांचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर आहे: "लेखणीवाल्यानेच जमालपूर घेतले." कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरवर. नेहमीसारखं कटिंग झालं असतं तर हे वाक्य गेलं असतं, आणि गेलं हे मला कळलंही नसतं, कारण मी ते पाहिलंच नव्हतं. काकांनी भिंग धरून दाखवलं.

वितरणाच्या वह्यांत तर अशी पानोपानी. बाहेरच्या माणसाला त्या वह्या म्हणजे आकड्यांच्या रांगा वाटतील. भोर इतके, वाई इतके, फलटण इतके, इंदापूर इतके, परत किती, येणे किती. आमच्या घरात त्यांचं राज्य होतं. ए.बी.सी. म्हटलं की सगळ्या पुण्याला अप्पा बळवंत चौक आठवतो. आम्हाला आधी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स आठवायचा. दर सहामाहीला खपाचे आकडे तपासून प्रमाणपत्र मिळायचं, जाहिरातीचे दर त्यावर. शिवाय त्या काळी न्यूजप्रिंटचा कोटा सरकार ठरवून देई, म्हणजे खपाचा आकडा हा कागदाचाही प्रश्न. आकडा फुगवायचा मोह सगळ्यांनाच. बाबांनी परतीचे अंक कधी लपवले नाहीत. वह्यांत दर एजंटापुढे परतीचा आकडा लाल शाईत आहे, आणि कुठं जास्त दिसला की शेजारी कारण: "यात्रा, गाव रिकामे." "पूल पाण्याखाली, पार्सल दुसऱ्या दिवशी पोचले, चूक आपली."

1986 च्या वहीत एक पान आहे. तालुक्याच्या गावचा एक एजंट, थकबाकी 3,840 रुपये. नियमाप्रमाणे त्या आकड्याला पार्सल बंद व्हायला हवं होतं. समासात आडवं लिहिलेलं: "पार्सल बंद करू नये. घरी आजारपण. माझ्या जबाबदारीवर." खाली सही. पुढची पानं उलटत गेलं तर 14 महिन्यांत ते पैसे थोडे थोडे करून फिटलेले दिसतात. शेवटच्या हप्त्याखाली एक रेघ, बस. बाबा तेव्हा व्यवस्थापक नव्हते, साधे पर्यवेक्षक होते. 3,840 रुपये म्हणजे त्यांचे कितीतरी पगार. आईला हे माहीत होतं का, ते आता विचारायला आईही नाही.

काकांनी त्या पानापाशी चिठ्ठी लावली होती. "शाई फुटते आहे, दाब कमी देतो," एवढंच लिहिलेलं.

आणखी एक पान सांगते. म्हणजे पान नाही, एक अख्खा जादा अंक. 29 सप्टेंबर 1993 ला रात्री पुण्यात विसर्जनाची मिरवणूक चालू होती, नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत. 30 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सकाळी जशा बातम्या येत गेल्या तसा कचेरीत जादा अंक काढायचं ठरलं. अंक छापायला यंत्र होतं, वाटायला माणसं कुठं? सगळी पोरं रात्रभर पथकात, मंडळात, लक्ष्मी रोडवर. बाबा चालत निघाले. गाडी जाण्यासारखी परिस्थितीच नव्हती. ढोल वाजवून थकून फुटपाथवर टेकलेली आपली पोरं त्यांनी नावानं हाका मारून गोळा केली. फौजेची सवय, लाईन टाकणाऱ्या, म्हणजे घरोघरी अंक टाकणाऱ्या, प्रत्येक पोराचं नाव, त्याची लाईन आणि त्याच्या सायकलचा रंग त्यांना पाठ. दुपारी ती पोरं गुलालानं माखलेल्या अंगानं तो अंक घेऊन पेठांतून धावली. गुलाल धुवायला वेळ नव्हता आणि अंकात हजारो माणसं मेल्याची बातमी होती. बाबा हे सांगताना नेहमी मधेच थांबायचे.

घरी ठेवलेल्या त्या अंकाच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा गुलाबी डाग आहे. चार रेषा स्पष्ट दिसतात, अंगठ्याच्या. कुणाचा ते माहीत नाही. काकांनी विचारलं, "हा कोरड्या ब्रशनं बराच जाईल. काढू?" मी नको म्हटलं. ते म्हणाले, "मलाही नको वाटत होतं, पण विचारायला हवं." मग त्या अंकावर त्यांनी पातळ बटर पेपर टाकून दिला, डाग दुसऱ्या अंकाला लागू नये म्हणून.

तर काम काय मिळालं: पत्रांचा एक खंड, कात्रणांचा एक, वह्या तीन-तीन एकत्र पेट्यांत घालून, आणि अंकांची मोठी पेटी. खंडांना गडद हिरवं कापड. मी हिरवं मागितलं नव्हतं. काका म्हणाले, फौजीचे कागद आहेत, हिरवं लावतो, आवडलं नाही तर बदलून देईन. आवडलं. आत पुस्तनीला, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या पानाला, अबरी कागद, लाटांच्या नक्षीचा. कण्यावर सोनेरी अक्षरांत नाव नाही, माझ्या सांगण्यावरून फक्त साल: 1963–1978 आणि 1978–2004. सगळे मिळून 9,600 रुपये झाले. स्वस्त नाही. पण मावशींचे किती दिवस त्या खिडकीशी गेले ते मी पाहिलंय, आणि मला ती रक्कम कमी वाटते. पैसे रोख घेतात, अर्धे आधी. पावती हातानं लिहून देतात, त्यावर एकूण पानांची संख्या आणि काय काय मिळालं त्याची यादी. ही यादी मला फार मोलाची वाटली. घरातून 412 कागद गेले, 412 परत आले, त्यांतले दोन लिफाफ्यात.

उणं तेही सांगते, कारण दुसऱ्या कुणी माझ्या भरवशावर जावं आणि फसल्यासारखं वाटावं असं नको. सहा आठवडे सांगितले होते, अकरा लागले. मधे पाऊस लागला आणि हवेत ओल असताना काका खळीचं काम हातात घेत नाहीत. हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. बाबांच्या वर्षश्राद्धाला मला ते खंड पाटावर ठेवायचे होते, राहिलं. फोन उचलत नाहीत, निरोप ठेवला तर संध्याकाळी करतात. आणि वह्यांच्या एका पेटीचं कापड बाकीच्यांपेक्षा किंचित फिकं आहे, थान संपल्यामुळे. दिव्याखाली दिसतं. काकांनी स्वतःहून दाखवलं आणि त्याचे 200 रुपये कमी केले. स्कॅनिंग ते करत नाहीत. ज्यांना कॉम्प्युटरवर हवं असेल त्यांनी बांधणीच्या आधी करून घ्यावं, नंतर पानं सुटी स्कॅनरवर ठेवता येत नाहीत. मी आधी नाही केलं, आता पत्रांचे फोटो काढत बसले आहे एकेक.

कुणी जाणार असाल तर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका, सुती कापडात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात न्या. सेलोटेप स्वतः ओढू नका. टाचण्याही त्यांनाच काढू द्या. आणि वेळ घेऊन जा, उभ्या उभ्या काम सांगून निघता येत नाही. ते प्रत्येक कागद पाहिल्याशिवाय किंमत बोलत नाहीत. सोमवारी बंद असतं.

खंड घरी आल्यावर पहिल्या रविवारी बाबांचे एक जुने विक्रेते आले होते. सत्तरी ओलांडलेले, सदाशिव पेठेत अजून पहाटे स्वतः लाईन टाकतात. मी त्यांना 1993 ची वही उघडून दिली. चष्मा काढून, वही डोळ्यांपाशी नेऊन त्यांनी आपलं नाव शोधलं. नावापुढे लाईन, अंकांची संख्या 180, आणि समासात बाबांचं पेन्सिलीतलं: "गुडघा दुखतो. चढाच्या सोसायट्या दुसऱ्याला द्याव्यात." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेबांनी लाईन बदलली तेव्हा मी रागावलो होतो. चांगल्या सोसायट्या काढून घेतल्या म्हणून महिनाभर बोललो नव्हतो त्यांच्याशी. गुडघ्याचं मी कुणाला सांगितलंच नव्हतं, ताई."

त्यांच्याकडेही वही आहे, 1981 पासूनची, गिऱ्हाइकांच्या नावांची. पाठ निखळलीय, शेवटची पानं सुटी झालीत. काकांच्या हातात सध्या वेळ नाही हे मी त्यांना सांगितलं. तरी मंगळवारी दुपारी आम्ही दोघं शनिवार पेठेत जाणार आहोत, वही सुती पंच्यात बांधून.